पेंग्विनला चालणारी तार

"लिनक्ससाठी कुठलं नेट घेऊ?" असं पुण्यात विचारलं तर चार कंपन्यांची नावं आणि सहा मतं मिळतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न बरीच वर्षं वेगळाच होता. कंपनी एकच असायची, तीही सरकारी. निवडायचं ते मोडेम, त्याच्या मागचं भोक आणि वायर. माझं म्हणणं असं की लिनक्सवाल्याच्या दृष्टीने हाच खरा प्रश्न होता, आणि आजही आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगममार्फत. तेव्हाचं स्वस्त खातं म्हणजे शेल खातं: फोन लावायचा, निगमच्या युनिक्स यंत्रावर शिरायचं आणि काळ्या पडद्यावर नुसता मजकूर वाचायचा. चित्रंबित्रं हवी असतील तर महागडं खातं. म्हणजे आपल्याकडे इंटरनेट युनिक्सच्याच दारातून आलं. त्याच सुमारास निघालेला स्लर्प नावाचा छोटा प्रोग्रॅम शेल खात्यावर चालवला की त्याच स्वस्त खात्यातून पूर्ण इंटरनेट मिळे. त्या स्लर्पचे वंशज आज कंटेनरच्या दुनियेत आहेत. ऑफिसात रोज वापरतो, पण कोणाला त्याचं मूळ माहीत नसतं.

ही सगळी महानगरांची गोष्ट. जिथे स्थानिक नंबर नव्हता तिथून लांबच्या शहराला एसटीडी लावायचा, आणि मिनिटामिनिटाला मीटर पळणार. नंतर दूरसंचार खात्याचं संचारनेट आलं, २०००च्या ऑक्टोबरात बीएसएनएल झालं, आणि पुढे एक ठरलेला नंबर फिरवला की खातं न काढताच नेट लागायला लागलं. पैसे फोनच्या बिलात. लिनक्सवर त्यासाठी 'डब्ल्यूव्हीडायल'ची चार-पाच ओळींची फाइल पुरे. माझ्या आतेभावाकडे ती अजून आहे. मी ती पाहिली तेव्हा शाळेत होतो, आणि चार ओळींत जग येतं याचंच नवल वाटलं होतं.

अडचण कंपनीची नव्हती, मोडेमची होती. संगणकाच्या पोटात बसणारे स्वस्त मोडेम अर्धं काम प्रोसेसरवर ढकलत, आणि ते कसं करायचं हे फक्त विंडोजच्या ड्रायव्हरला ठाऊक असे. त्यांना विनमोडेम म्हणत. बाहेर ठेवायचा, दिवे लुकलुकणारा सीरियल मोडेम महाग, पण तो कुणाचंही ऐके. चंद्रपुरात हा फरक सांगणारा दुकानदार मिळणं म्हणजे नशीब.

आणि मुळात लिनक्स यायचं कुठून? तेवढं उतरवून घेणं डायल-अपवर अशक्यच. ते आलं छापील मासिकातून: १९९६ साली 'पीसी क्वेस्ट'ने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. त्यामागे असलेले अतुल चिटणीस बेळगावात शिकलेले. पुढे २००५पासून २०११पर्यंत उबुंटूच्या सीडी मागणी केली की फुकट घरपोच येत. त्यामुळे लिनक्सवाल्यांचा इथला पहिला इंटरनेट पुरवठादार भारतीय टपाल खातं होतं, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. पण गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला जिल्हा. रेल्वे त्याच्या टोकाला, वडशापुरती. पोस्टमन मात्र सगळीकडे.

मग २००५च्या जानेवारीत डेटावन आलं. जिल्ह्याच्या ठिकाणांची पाळी मागाहून. त्या मोडेमला बहुधा दोन भोकं असत, यूएसबी आणि इथरनेट. यूएसबीत घातलं की ड्रायव्हर शोधत बसा. इथरनेटमध्ये घातलं की झालं, कारण आतला करार पीपीपीओई, खुला आणि सर्वांना माहीत असलेला. तो लिनक्सवर चालवणाऱ्या 'आरपी-पीपीपीओई'तला 'आरपी' म्हणजे रोअरिंग पेंग्विन, ओटावातली एक छोटी कंपनी. त्याच काळात मोठ्या शहरांत काही खासगी पुरवठादारांचा स्वतःचा लॉगिन प्रोग्रॅम असे, तो विंडोजसाठी बनवलेला. जिथे निवड होती तिथे लिनक्सवाले अडले, आणि जिथे नव्हती तिथे सुटले!

काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी नसे. २५६ केबीपीएसने सहा तासांत साधारण ६९० एमबी उतरतात, म्हणजे जेमतेम एक सीडी. मध्येच वीज गेली (आमच्याकडे औष्णिक वीज केंद्र आहे, तरी जाते) तर दुसऱ्या रात्री 'डब्ल्यूगेट'ला तिथूनच पुढे चालू करायचं.

जंगलात ही तारही नव्हती. तिथे आधी सीडीएमएचे फोन, मग डोंगल. डोंगल संगणकाला स्वतःची ओळख सीडी म्हणून करून देई, म्हणजे त्यातला विंडोज प्रोग्रॅम आपोआप चालू व्हावा. 'यूएसबी मोडस्विच' त्याला मोडेम व्हायला लावी, आणि पुन्हा तीच जुनी फाइल, फक्त नंबर #७७७. टॉवर मात्र तुरळक. माओवाद्यांनी ते जाळल्याच्याही घटना घडल्या. २०१४ साली केंद्राने नक्षलग्रस्त भागांसाठी दोन हजारांवर टॉवर मंजूर केले, तेही टूजी.

आतेभाऊ गडचिरोलीतल्या एका शाळेत जुने संगणक लिनक्सवर चालवतो. विंडोजची नवी आवृत्ती त्यांवर चढत नाही, म्हणून लिनक्स. नाहीतर ते भंगारात गेले असते. टूजीवर अपडेट कसे करायचे? त्यासाठी 'एप्ट-ऑफलाइन' आहे, रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकाचं. शाळेतल्या यंत्रावर यादी बनवायची, ती पेन ड्राइव्हवर घेऊन चंद्रपूरला यायचं, सगळं उतरवायचं आणि एसटीने परत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा तेही नाही.

आता चंद्रपुरात फायबर आहे. ग्रामपंचायतींसाठी भारतनेट आहे, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी केलेल्या इरादापत्रात गडचिरोलीचं नाव आहे. वेगाची पत्रकं मी वाचत नाही. तीन गोष्टी विचारतो: डब्याला इथरनेटचं भोक आहे का, फोनवरच्या ॲपशिवाय तो सुरू होतो का, आणि सार्वजनिक पत्ता मिळतो का, की शेकडो घरांना मिळून एकच पत्ता, मग बाहेरून घरच्या यंत्रात शिरता येत नाही. मागच्या खेपेला जोडणी द्यायला आलेल्या मुलाने माझा पडदा पाहिला आणि म्हणाला, "विंडोज नाही का? मंग नाही चालत भाऊ." मी वायर त्याच्या हातून घेतली आणि लावली. दिवा लागला. त्याने खाली वाकून तो पाहिला, मग विचारलं, "हे फुकट भेटते का?"