विद्यालयातली उभी रेघ

‘मराठी ३०, इंग्रजी ४०.’ कारकुनांच्या भरतीच्या सरकारी जाहिरातीतली, मिनिटाला किती शब्द टाइप करता आले पाहिजेत हे सांगणारी ही अट ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधल्या तरुण मुलामुलींना तोंडपाठ असे. ठाण्याला रेल्वे १८५३ साली पोचली, कल्याणला १८५४ साली. पुढे मुंबईच्या कचेऱ्यांत जाणाऱ्यांची वस्ती रुळांच्या कडेने वाढत गेली आणि स्टेशनाबाहेर टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाट्या झळकल्या. नव्वदच्या दशकात त्याच पाट्यांशेजारी दुसरी पाटी आली: डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवणं.

कामाला तोटा नव्हता. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. संस्था काढायची आणि तिचा अहवाल छापायचा ही इथली जुनी हौस. त्यात लग्नपत्रिका, सोसायट्यांची इतिवृत्तं, शाळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक. पेजमेकर उघडायचं, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम लावायचं आणि मजकूर ठोकायचा. हिंदी काम आलं की कृतिदेव हा फॉन्ट.

पडद्यावर अक्षर सुबक दिसे. फाईलच्या पोटात मात्र मराठी नव्हतीच. एका बाइटमध्ये मावतात २५६ खुणा, आणि त्यातल्या पहिल्या १२८ इंग्रजीने आधीच घेतलेल्या. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली ‘इस्की’ हे प्रमाण ठरवून वरच्या अर्ध्या जागेत भारतीय लिप्यांची रीतसर सोय केली होती. फॉन्ट बनवणाऱ्यांनी मात्र चाळीतल्या इंग्रजी बिऱ्हाडांच्या खोल्यांतच देवनागरीचे तुकडे पोटभाडेकरू म्हणून ठेवले. दारावर नाव इंग्रजी, आत कुणी काना, कुणी वेलांटी. त्यातही प्रत्येक फॉन्टची वाटणी निराळी, त्यामुळे एका दुकानाची फाईल दुसऱ्या दुकानात त्याच फॉन्टशिवाय वाचता येत नसे.

या व्यवस्थेची खरी गंमत कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत दिसते. एमएस-डॉसच्या १९८३च्या २.० आवृत्तीपासून > म्हणजे ‘उत्तर फाईलमध्ये टाक’, < म्हणजे ‘फाईलमधून घे’ आणि | म्हणजे ‘एका हुकुमाचं उत्तर पुढच्याला दे’. विंडोज एनटीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये & ही खूण दोन हुकूम जोडते. आता कृतिदेवची वाटणी पाहा: > म्हणजे झ, < म्हणजे ढ, | म्हणजे द्य, आणि & म्हणजे चक्क संयोगरेषा.

समजा, नोटपॅडला कृतिदेव लावला आणि बॅच फाईलमध्ये, म्हणजे हुकमांच्या यादीत, ‘एको’ (‘छाप’) लिहून पुढे ‘ठाणे-कल्याण’ टाइप केलं. फाईल चालवली की यंत्र ठाण्याची अक्षरं छापतं, संयोगरेषेपाशी थांबतं आणि कल्याण हा नवा हुकूम समजून तो शोधू लागतं. असा कोणताही हुकूम आपल्याला ठाऊक नाही, असं उत्तर येतं. ‘विद्यालय’ द्यपाशी दुभंगतं. ‘झाड’ छापायला सांगितलं तर पडद्यावर काहीच उमटत नाही. फोल्डरमध्ये मात्र ‘के’ (काना) आणि ‘एम’ (ड) अशा दोनच अक्षरांच्या नावाची एक फाईल जन्माला येते आणि तिच्यात एको चालू आहे की बंद, एवढीच नोंद असते.

यावर उपाय होते. खुणेआधी ^ टाकला की तिचा हुकमीपणा जातो. बॅच फाईलमध्ये टक्क्याची खूण हवी असेल तर ती दोनदा लिहायची. सर्वांत सोपं म्हणजे सगळा मजकूर दुहेरी अवतरणात घालायचा. पण कृतिदेवमध्ये ष काढायलाच दुहेरी अवतरणचिन्ह लागतं! म्हणजे ‘भाषा’ किंवा ‘विशेष’ हा शब्द आला की अवतरण मध्येच मिटलं आणि पुढचा मजकूर उघडा पडला. हे जमवून आणणाऱ्याच्या चिकाटीला दाद द्यावी, पण हा खटाटोप मुळात फॉन्टवाल्यांनी लादलेला होता.

विंडोज २००० मध्ये देवनागरीला अधिकृत जागा मिळाली. सोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. आयआयटी मुंबईत त्यांनी वर्षानुवर्षं अक्षरकला शिकवली. आता ‘झ’ला युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक प्रमाणात स्वतःचा क्रमांक होता, > शी त्याचा संबंध उरला नाही. तरी मराठीच्या सगळ्या गरजा काही लगेच भागल्या नाहीत: ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ साल उजाडलं.

काळी खिडकी मात्र बरीच वर्षं अडून राहिली. देवनागरीत नावं असलेल्या फाईलींची यादी मागितली की ती चौकोनांची रांग दाखवायची. आजही बॅच फाईलमध्ये शब्दाचा तुकडा पाडायला गेलं तर यंत्र अक्षरं मोजत नाही, क्रमांक मोजतं. त्याच्या लेखी ‘ठाणे’ चार खुणांचं, ‘कल्याण’ सहांचं. ‘ठाणे’च्या पहिल्या तीन खुणा मागा, हाती ‘ठाण’ येतं. मात्रा मागेच राहते.

जुन्या फाईली युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तकं आता फुकट मिळतात. पण त्यांना नुसत्या खुणा बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षरानंतर. दोन्हींची जागा हलवावी लागते. म्हणून रूपांतरानंतर जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीच लागतात. आणि मूळ फॉन्ट कोणता हेच माहीत नसेल, तर परिवर्तक तरी काय करणार?

कुणाच्या कपाटात संस्थेच्या जुन्या स्मरणिकेची सीडी पडून असेल, तर तिच्यातल्या फाईली आधी उतरवून घ्या आणि ज्या फॉन्टमध्ये ते काम झालं होतं, त्याचं नाव फोल्डरवर लिहून ठेवा.