दुव्यांचे वजन

तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाहुण्यांच्या निवास-न्याहारीची सोय करणारी अनेक घरे आहेत. पूर्वी मालवणच्या एस.टी. स्थानकावर उतरलेला पाहुणा ‘कुठे उतरावे?’ असे एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारी. आता हा प्रश्न तो घरूनच शोधयंत्राला विचारतो. यादीत जे घर वर दिसते, तिकडे पाहुणे वळतात. म्हणजे एखाद्या कुटुंबाची हंगामाची कमाई या यादीवर अवलंबून असू शकते. मग ही यादी लागते तरी कशी? गंमत अशी, की त्या पद्धतीचे मूळ ग्रंथालयात सापडते.

संशोधक आपल्या निबंधाच्या शेवटी पूर्वीच्या निबंधांचे संदर्भ देतो. हे संदर्भ उलट्या दिशेने लावावेत, म्हणजे एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणकोणी केला याची सूची करावी, असे युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सुचवले. १९६४पासून त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची नियमित निघू लागली.

पण उल्लेख नुसते मोजून भागत नाही. तो कोण करतो हेही पाहावे लागते. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांचे उदाहरण घ्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुनःपुन्हा करावी. शेवटी ६१७४ येते. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला होता. परंतु जगभर त्यांचे नाव झाले ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर! उल्लेख एकच, पण वजनदार.

हे वजन गणितात बसवण्याची रीत गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नारिन यांनी १९७६ साली नियतकालिकांसाठी मांडली. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी तसाच विचार संकेतस्थळांना लावला आणि त्यातून गूगल उभे राहिले. एका पानाने दुसऱ्याचा दुवा देणे म्हणजे जणू एक शिफारस. मात्र शिफारस करणाऱ्याची पत जेवढी, तेवढे तिचे मोल.

समजा, तीन पाने आहेत. ‘मालवण’ हे पान ‘तारकर्ली’ आणि ‘देवबाग’ या दोघांचा दुवा देते. ‘तारकर्ली’ फक्त ‘देवबाग’चा आणि ‘देवबाग’ फक्त ‘मालवण’चा दुवा देते. वर्गात तीन मुलांना ही नावे द्या आणि १०० चिंचोके कसेही वाटा. प्रत्येक फेरीत तिघांनी एकाच वेळी आपले सगळे चिंचोके दुव्यांप्रमाणे पुढे द्यावेत. ‘मालवण’ने निम्मे-निम्मे करावेत. दहा-बारा फेऱ्यांनंतर चिंचोके साधारण ४०, २० आणि ४० असे स्थिरावतात. ‘मालवण’ आणि ‘तारकर्ली’ यांच्याकडे येणारा दुवा एकेकच, तरी ‘मालवण’ची पत दुप्पट! कारण त्याला दुवा देणारा ‘देवबाग’ वजनदार आहे आणि तो आपले सारे वजन त्यालाच देतो. प्रत्यक्षातले सूत्र याहून थोडे गुंतागुंतीचे आहे, पण गाभा हाच.

पत मोजता येते म्हटल्यावर ती विकतही मिळू लागली. एकमेकांना खोटे दुवे देणाऱ्या पानांची जाळी विणली गेली. अशा पानांना मागे ढकलण्यासाठी गूगलने एप्रिल २०१२मध्ये ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा केली. आज क्रम लावताना दुव्यांखेरीज इतरही अनेक गोष्टी पाहिल्या जातात, तरी दुवे विकण्याचा धंदा थांबलेला नाही. तारकर्लीतल्या छोट्या निवासवाल्याने असे दुवे विकत घेतले, तर पैसे जातील आणि क्रमही घसरू शकेल. त्याऐवजी भरती-ओहोटी, मासे, दशावतार यांविषयी खरी, उपयोगी माहिती त्याने आपल्या पानावर लिहिली, तर दुवा देण्याजोगे तिथे काही असेल.

विद्यार्थ्यांना एवढे मात्र जरूर सांगावे : यादीतला पहिला क्रमांक म्हणजे सत्याचा दाखला नव्हे. पुष्कळांनी त्या पानाकडे बोट दाखवले आहे, एवढेच त्यावरून कळते. ते बोट कोणाचे आणि का दाखवले, हे आपणच तपासायचे असते.