बंदुकीवरची दुर्बीण : साष्टीच्या रानातील एक विस्मृत प्रकरण

आमच्या धर्मग्रामातील एका जुन्या कुटुंबाने गेल्या पावसाळ्यापूर्वी घराची दुरुस्ती काढली. माळ्यावरची पेटी खाली उतरवली, तेव्हा तिच्यात चामड्याच्या म्यानात गुंडाळलेली, वीतभर लांबीची एक पितळी नळी सापडली. तिच्या दोन्ही टोकांना काचा होत्या आणि कारखान्याचे नाव घासून पुसट झाले होते. घरातल्या मुलाने ती तारे पाहण्याची दुर्बीण समजून गच्चीवर नेली. त्याच्या वडिलांनी मात्र ती ओळखली. ते आम्हांला म्हणाले, "फादर, ही आमच्या आज्याच्या बंदुकीवरची. ह्याच दुर्बिणीतून त्याने बिबळ्या मारला होता."

बंदूक केव्हाच घराबाहेर गेली होती. परवाना आजोबांच्या नावे होता आणि त्यांच्या पश्चात ती रीतसर जमा झाली. उरली ती ही नळी, एक छायाचित्र आणि एक कथा. छायाचित्रात मेलेल्या बिबळ्यावर पाय ठेवून आजोबा उभे आहेत. त्यांच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण आहे. बिबळ्याने मरता मरता पंजा मारला, त्याची ती खूण, असे घरात तीन पिढ्या सांगितले जात होते. त्या कथेवर चार ओळी लिहून द्याव्यात, म्हणजे नळीबरोबर त्या चौकटीत लावता येतील, अशी कुटुंबाची इच्छा होती. त्या चार ओळींचा शोध घेता घेता प्रस्तुत लेख झाला.

आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे उच्चारली की लोकल गाड्या आणि इमारती डोळ्यांपुढे येतात. परंतु साष्टी बेटाचा मधला भाग हा पूर्वीपासून डोंगर आणि रान यांचा. आपली गावठाणे त्या रानाच्या कडेला भातशेती करून राहिली. प्रत्यक्ष मुंबई बेटावर, मलबार हिलपर्यंत वाघ येऊन गेल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकात आढळतात. मग साष्टीत काय असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला, १८७९ मध्ये तुळशी झाला. पाणलोटाचे रान शहराच्या पाण्यासाठी राखले गेले आणि त्या आश्रयाने जनावरेही टिकली. रविवारी शहरातले साहेब शिकारीला येत. त्यांना वाट दाखवायला पाड्यांवरचे वारली जात आणि बोलाचालीला गावठाणातला, थोडे इंग्रजी जाणणारा एखादा गृहस्थ जाई. आमच्या कथेतील आजोबा अशांपैकी एक. नोकरी रेल्वेत, घरची शेती आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी एक साधी ठासणीची बंदूक. पुढे परदेशी परतणाऱ्या एका साहेबाने त्यांना आपली मोठ्या बोअरची रायफल, दुर्बिणीसकट, देऊन टाकली.

मोठ्या बोअरच्या रायफलींचा हिंदुस्थानातील इतिहास चमत्कारिक आहे. वाघ, गवा, हत्ती यांच्यासाठी इंग्रज शिकाऱ्यांना .४५० बोअरची दुनळी प्रिय होती. परंतु १९०७ च्या सुमारास सरकारने त्या बोअरवर बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना चालणारी काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील, ही भीती त्यामागे होती. तेव्हा बंदूक बनवणाऱ्यांनी .४६५, .४७० अशी थोडी वेगळी मापे काढून कायद्याला बगल दिली. १९१२ मध्ये लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड यांनी .३७५ बोअरचे काडतूस आणले. ते लांबवर सरळ जाई आणि मोठ्या जनावरालाही पुरे पडे, म्हणून दुर्बीण बसवण्यास ही रायफल सोयीची ठरली. घरच्या मंडळींच्या आठवणीप्रमाणे आजोबांची रायफल ह्याच जातीची होती.

बंदुकीवर दुर्बीण बसवण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात नेमबाज लांबलचक नळ्या वापरीत. शिकारीला सोयीची दुर्बीण व्हिएन्नाच्या काह्लेस यांनी १९०० मध्ये काढली आणि जर्मनीतील झाइस कारखान्याने १९०४ मध्ये. तरीही हिंदुस्थानातले मुरलेले शिकारी तिच्याकडे संशयानेच पाहत. त्यांचा भरवसा नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांवर होता. ह्यात नुसता जुनेपणाचा हट्ट नव्हता. त्याचे कारण समजून घेण्यासाठी आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त गृहस्थांकडे गेलो. पोलीस दलाची शस्त्रे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला आहे. त्यांनी नळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि आम्हांला तासभर शिकवले.

मोठ्या बोअरच्या रायफलीसाठी दुर्बीण निवडायची तर पहिला विचार धक्क्याचा, असे ते म्हणाले. काडतूस जितके मोठे, तितका दस्ता खांद्यावर जोराने येतो आणि त्याच्याबरोबर दुर्बीणही मागे येते. म्हणून काच आणि डोळा यांत साडेतीन-चार इंचांचे अंतर राखूनही चित्र पूर्ण दिसेल, अशी दुर्बीण हवी. दुसरा विचार मोठे करून दाखवण्याचा. नवशिक्याला वाटते, जितके मोठे दिसेल तितके चांगले. वस्तुस्थिती उलट आहे. चित्र जितके मोठे, तितका दिसणारा मुलूख लहान. दाट रानात जनावर तीस-चाळीस पावलांवर असते. तिथे एकपट-दीडपट पुरते. चौपट दुर्बिणीतून नुसती कातडी दिसते. जनावराचे तोंड कुठे आणि शेपूट कुठे, हे कळत नाही.

तिसरा विचार उजेडाचा. पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा आणि जितके पट मोठे दिसते त्या आकड्याने त्याला भागावे. येते ती डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेची रुंदी. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते. म्हणून बेचाळीस मिलिमीटरची सहापट दुर्बीण सांजवेळी उत्तम. परंतु हे आजच्या काचांचे गणित झाले. १९३५ मध्ये झाइसच्या स्माकुला या शास्त्रज्ञाने काचेवर पातळ लेप देण्याची युक्ती शोधली. तोपर्यंत काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर शेकडा चार भाग प्रकाश परत फिरे. एका दुर्बिणीत असे आठ-दहा पृष्ठभाग असतात. म्हणजे जवळपास एकतृतीयांश उजेड वाटेतच नाहीसा होई. चौथा विचार आपल्या हवेचा. जुन्या नळ्यांत दमट हवा शिरे, आतून वाफ धरे आणि काचेला बुरशी लागे. आत नायट्रोजन भरून नळी बंद करण्याची पद्धत अमेरिकेत १९४७ च्या सुमारास आली. आणि शेवटचा विचार : दुर्बीण झटक्यात काढता आली पाहिजे आणि तिच्याखाली माशी व खाच शाबूत असली पाहिजे. कारण जखमी जनावर अंगावर येते, तेव्हा दुर्बिणीत पाहायला सवड नसते.

हे सांगून त्यांनी छायाचित्र मागितले आणि भुवईवरच्या व्रणाकडे बोट दाखवले. "फादर, हा पंजा नव्हे. पंजाच्या चार रेघा येतात. ही दुर्बिणीची कड आहे. भारी बंदुकीवर दुर्बीण डोळ्याशी फार जवळ बसवली की असे होते. आमच्याकडे नव्या शिपायांना पहिल्याच दिवशी हे सांगत."

आम्ही अस्वस्थ झालो. कुटुंबाची तीन पिढ्यांची कथा एका वाक्यात निराळी झाली होती. पुढे विचारावे की थांबावे? इतिहास लिहिणाऱ्याने सत्य विचारावे आणि मेंढपाळाने कुणाचे मन दुखवू नये, अशा दोन कर्तव्यांत आम्ही काही दिवस घुटमळलो. अखेर आजोबांच्या कन्येकडे गेलो. त्या नव्वदी ओलांडलेल्या आहेत. महायुद्धाच्या आधीच्या त्या सायंकाळी त्या सहा-सात वर्षांच्या होत्या. आम्ही काही सुचवण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "बिबळ्याने त्या वारल्याला धरलं, फादर. पपाला बंदूकच लागली होती. त्या माणसाला खाटेवर घालून आमच्या ओट्यावर आणलं. आई रात्रभर त्याच्याशी बसली. सकाळी त्याची माणसं येऊन त्याला घेऊन गेली."

तो वाचला का? त्यांना ठाऊक नाही. त्याचे नाव काय? त्यांनी पुष्कळ आठवून पाहिले. "आम्ही त्याला काका म्हणायचो," एवढेच त्या सांगू शकल्या.

आता सगळे जुळते. लेप नसलेली काच, मावळता उजेड, चौपट दुर्बीण. पहिला बार मर्मी लागला नसावा. धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईत रुतली, डोळ्यावर रक्त आले, आणि तेवढ्या क्षणात लहानशा गोल चित्रातून बिबळ्या निसटला. त्या चित्राच्या बाहेर, बाजूच्या झुडपाशी, वाटाड्या उभा होता. बिबळ्या आजोबांनी मग मारला, हे खरेच. परंतु जखम त्या वारल्याची होती आणि कथा सांगता सांगता ती आपण आपल्या भुवईवर घेतली.

शिकारीचा इतिहास असा बहुधा नेम धरणाऱ्याच्या बाजूने लिहिला गेला आहे. तथापि त्याच पिढीत पाहण्याची दुसरी रीतही जन्माला येत होती. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे अनेक सभासद शिकारीच होते. खेतवाडीत वाढलेल्या सलीम अली नावाच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची एक चिमणी पाडली आणि ती कोणती, हे विचारायला तो सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे गेला. पुढे त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवण्यात सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर यांचा हात होता, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशी आहे. उत्तरेत वनाधिकारी चॅम्पियन यांनी रात्री वाघांची छायाचित्रे घेतली आणि १९२७ मध्ये ती पुस्तकरूपाने आणली. जिम कॉर्बेट यांनीही उत्तरायुष्यात कॅमेरा हाती घेतला. मराठीत व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रानात जात. नंतर 'नागझिरा' लिहिताना ते नुसते पाहायला गेले. काच तीच, पण पाहण्याच्या शेवटी चाप ओढला जात नव्हता.

कायदा ह्यानंतर आला. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. साष्टीच्या रानाचे राष्ट्रीय उद्यान झाले, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. आपण त्याला अजून बोरिवलीचे उद्यान म्हणतो. वाघ गेला, बिबळ्या राहिला.

२००२ ते २००४ या काळात बिबळ्यांचे माणसांवरील हल्ले वाढले, तेव्हाची भीती आमच्या स्मरणात आहे. आमच्याच सभागृहात लोक जमले होते आणि बंदूकवाले बोलवावेत, असे अनेकांनी सुचवले होते. अभ्यासकांना पुढे आढळले, की दुसरीकडे पकडलेले बिबळे इथे आणून सोडणे, हे त्या हल्ल्यांचे एक महत्त्वाचे कारण होते. २०११ मध्ये वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून काम सुरू केले. झाडांना आपोआप चालणारे कॅमेरे बांधले. अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक जनावर ओळखता येते. २०१५ च्या गणनेत ३५ बिबळे मोजले गेले, २०१८ मध्ये ४७. कचरा उघडा टाकू नये, कुत्र्यांची गर्दी वाढू देऊ नये, मुलांना तिन्हीसांजेला एकटे पाठवू नये, ही शिकवण त्यातून आली.

परंतु येथेही कोण कुठे उभे आहे, हे विसरता येत नाही. इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून बिबळ्या पाहणे ही मौज आहे. आरेच्या आणि उद्यानातल्या पाड्यांवर, जिथे शौचालयासाठी रात्री बाहेर जावे लागते, तिथे ती मौज नाही. वारली लोक वाघोबाला पूजतात आणि त्या जनावराच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत. आपण रान राखले असे म्हणतो, तेव्हा त्या राखण्याची किंमत ते देत असतात. ते आजही आपल्या गोल चित्राच्या बाहेरच आहेत.

आम्ही जे कळले ते कुटुंबाला सांगितले. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग नातवाने नळी पुसली आणि आपल्या मुलाला सांगितले, की चौकटीत काय लिहायचे ते फादरना विचारून तू लिही. त्याने लिहिले ते असे : "ही दुर्बीण आमच्या पणजोबांची. हिच्यातून नेम चुकला. त्यांच्याबरोबर एक वारली गृहस्थ होते, ते जखमी झाले. घरात त्यांना काका म्हणत. नाव ठाऊक नाही."

आमच्या चार ओळींची मग गरज उरली नाही. वाचकहो, आपल्या घरांतूनही अशी छायाचित्रे असतील. त्यांच्या कडेला, अर्धवट कापलेली, उघड्या अंगाची माणसे उभी असतील. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारावे, ती कोण होती. नाव मिळाले तर छायाचित्रामागे लिहून ठेवावे. शक्य झाल्यास आम्हांलाही कळवावे.