रेल्वेचा भोंगा आणि शेजारची गावं: आवाजाच्या हद्दीचा इतिहास

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. डहाणू रोड, पालघर किंवा घाटाच्या अंगाने कसारा, इगतपुरी; कुठल्याही स्टेशनला जायचं तर आधी एसटी पकडायची. मी जव्हारला वाढले आणि आता आवाज कसा पसरतो यावर पीएचडी करते. घरी विषय सांगितला तेव्हा मामा म्हणाला, "जिथं गाडीच नाही तिथल्या पोरीला गाडीच्या आवाजाचं काय पडलंय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी देते.

आधी भोंग्याबद्दल. रुळांच्या कडेला 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी तुम्ही पाहिली असेल. सीटी आणि फाटक. म्हणजे पुढे फाटक आहे, भोंगा वाजव. आवाज फाटकावरच्या माणसासाठी असतो, पण तो चारही बाजूंना पसरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की भोंग्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. ३० मीटरवर ९६ डेसिबल असलेला भोंगा सुमारे एक किलोमीटरवर ६६ च्या आसपास ऐकू येतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे. ती मर्यादा सरासरीची आणि भोंगा क्षणाचा, त्यामुळे थेट तुलना बरोबर नाही. पण झोप सरासरीने मोडत नाही, एका भोंग्यानेही मोडते.

मग भोंगा बंदच केला तर? हा प्रयोग एकदा झालेला आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने १९८४ मध्ये तिथल्या गावांना मुभा दिली की रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेचा भोंगा बंद ठेवता येईल. (आपल्या नियमांतली 'रात्र'सुद्धा हीच, १० ते ६.) अट अशी की फाटकाला दांडा, दिवे आणि घंटा हवी. गावांनी भराभर बंदी घातली. काही वर्षांनी केंद्रीय रेल्वे प्रशासनाने हिशोब मांडला, तेव्हा या फाटकांवरचे रात्रीचे अपघात १९५ टक्क्यांनी वाढलेले दिसले, म्हणजे जवळपास तिप्पट. त्याच फाटकांवर दिवसा, जेव्हा भोंगा वाजत होता, तेव्हा विशेष फरक नव्हता. १९९१ मध्ये तातडीच्या आदेशाने भोंगा परत आला आणि अपघात पुन्हा खाली आले.

म्हणजे भोंगा हा नुसता गोंगाट नाही, कुणाचा तरी जीव वाचवणारी वस्तू आहे. तो काढायचा तर त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. १९९४ च्या कायद्यातून आणि २००५ मध्ये लागू झालेल्या नियमातून अमेरिकेने हेच केलं. 'शांत पट्टा' हवा असेल तर गावाने दुभाजक घालावेत, रस्ता पूर्ण अडवणारे चार दांडे बसवावेत किंवा एखादं फाटक कायमचं बंद करावं.

मला या नियमातला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. शांत पट्टा किमान अर्धा मैल लांबीचा लागतो आणि धोका एकेका फाटकाचा नाही, पट्ट्यातल्या सगळ्या फाटकांची सरासरी काढून मोजतात. आता गावं एकमेकांना चिकटलेली असली तर? एका गावाने शांतता मिळवली आणि पलीकडच्या गावाचं फाटक हद्दीला लागूनच असलं, तर तिथला भोंगा इकडे ऐकू येणारच. आवाजाला नगरपालिकेची हद्द कळत नाही. म्हणून नियमात सोय आहे की शेजारच्या गावांनी संमतीने एकच पट्टा करावा आणि अर्जाचं काम एकाकडे सोपवावं. सरासरीमुळे एका गावाने नीट केलेलं फाटक शेजाऱ्याच्याही कामी येतं. शेजारधर्म इथे गणितातच बसवलाय.

जपानात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने घडली. शिंकान्सेन १९६४ मध्ये सुरू झाली. तिला फाटकंच नाहीत, त्रास चाकांचा, वाऱ्याचा आणि हादऱ्यांचा. १९७४ मध्ये नागोया शहरातल्या सुमारे ७ किलोमीटरच्या पट्ट्यातले ५७५ रहिवासी एकत्र कोर्टात गेले. पुढच्याच वर्षी सरकारने निवासी भागासाठी ७० ची मर्यादा ठरवली. कोर्टाने भरपाई दिली, गाडी हळू चालवायचा आदेश मात्र दिला नाही. १९८६ मध्ये समझोता झाला.

तेच तंत्रज्ञान आता आपल्या पालघर जिल्ह्यात येतंय. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर ही स्टेशनं इथलीच. तिच्या पुलांवर दोन्ही बाजूंना रुळांच्या पातळीपासून २ मीटर उंच काँक्रीटची भिंत असते. वस्तीच्या भागात वर आणखी १ मीटर अर्धपारदर्शक पत्रा चढवून ती ३ मीटर करायची असं ठरलंय.

'वस्तीच्या भागात' या शब्दांवर मी थांबते, आणि इथे मामाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. दिवाळीनंतर आमच्या जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होतात. लोक 'जगायला' जातात: वसई, विरार, भिवंडीकडे, वीटभट्टीवर, बांधकामावर. गाडी आमच्याकडे येत नाही, आम्ही तिच्याकडे जातो. काहींची झोपडी तर रुळांजवळच पडते. फ्लोरिडातल्या गावांना नगरपालिका होती, नागोयाच्या लोकांना पत्ता होता, म्हणून त्यांना एकत्र येऊन काही मागता आलं. चार-सहा महिन्यांच्या झोपडीला पत्ता नसतो. आवाजाच्या नकाशावर ती 'निवासी भाग' म्हणून रंगवलेली नसते.

म्हणून माझ्या मोजणीत मी एक साधी गोष्ट करते. माइक इमारतीच्या गच्चीवर तर लावतेच, पण भट्टीवरच्या झोपडीच्या दाराशीही लावते, रात्री १० ते सकाळी ६. दोन शेजारी गावं उद्या खरंच एकत्र बसली, तर त्यांच्या कागदावर हा तिसरा शेजारीही असायला हवा.