भयंकर आणि गोजिरा

राष्ट्रावर कोसळलेल्या आपत्तीची स्मृति किती काळ टिकते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास नेहमींच पडतो. स्मारकें उभीं राहतात, स्मृतिदिन पाळले जातात. परंतु लोकांच्या मनांतील भय मोजण्यास त्यांचा फारसा उपयोग होत नाहीं. त्यासाठीं लोक पदरचे पैसे मोजून काय पाहतात, हें पाहावें. जपानांत १९५४ सालीं सुरू झालेली आणि सत्तर वर्षें उलटल्यावरहि चालूं असलेली गोजिराची चित्रपटमालिका या दृष्टीनें अभ्यासण्याजोगी आहे. इंग्रजीच्या वाटेनें आपल्याकडे आलेलें त्याचें नांव गॉडझिला. मूळ जपानी नांव गोजिरा. 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, या दोन शब्दांचा तो सांधा. मराठी वाचकास या नांवाचें हसूं येईल, कारण आपल्याकडे गोजिरें असतें तें लहान मुलाचें रूप. हा निव्वळ योगायोग. पण त्या राक्षसाची पुढें जी गत झाली ती पाहतां या योगायोगाची राहून राहून आठवण होते.

१ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें प्रशांत महासागरांतील बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बाँबची चांचणी केली. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर मासेमारी करणाऱ्या 'दाइगो फुकुऱ्यू मारू' या जपानी नौकेवर पांढरी राख पडली. तिच्यावरील २३ खलाशी किरणोत्सर्गानें आजारी पडले आणि सप्टेंबरांत त्यांपैकीं एक दगावला. हिरोशिमा-नागासाकीला नऊच वर्षें झालीं होतीं. शिवाय युद्धानंतर सात वर्षें तो देश परक्या अंमलाखालीं होता, आणि त्या अंमलाच्या बऱ्याच काळांत बाँबविषयीं मोकळेपणीं लिहिण्याबोलण्यास बंदी होती. हें कोंडलेलें दुःख त्याच वर्षीं ३ नोव्हेंबरला एका राक्षसाच्या रूपानें पडद्यावर आलें.

तोमोयुकी तानाका हे निर्माते आणि इशिरो होंडा हे दिग्दर्शक. होंडा चीनमध्यें सैनिक होते. मायदेशीं परततांना त्यांनीं हिरोशिमाची झालेली राख प्रत्यक्ष पाहिली होती. जड रबरी सोंगांत एक मनुष्य चिमुकलें तोकियो तुडवितो आहे, हें आज शाळकरी मुलालाहि ओळखूं येईल. राक्षसाची ती आरोळीहि, सैल केलेल्या वाद्याच्या तारांवरून चामडी हातमोजा घासून संगीतकार इफुकुबे यांनीं काढलेली. पण चित्रपटाचें खरें बळ या करामतींत नाहीं. ज्वालांनीं वेढलेली एक विधवा मुलांना पोटाशीं धरून, आतां आपण तुमच्या वडिलांकडेच जाणार, असें त्यांना समजावते. हें दृश्य पाहणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं तसल्या रात्री खरोखरच काढल्या होत्या. राक्षसाला मारण्याचें अस्त्र सेरिझावा या शास्त्रज्ञाला सांपडलेलें असतें, पण तें तो महत्प्रयासानें बाहेर काढतो. आधीं आपले कागद जाळतो आणि मग अस्त्राबरोबर स्वतःहि समुद्राच्या तळाशीं राहतो. भस्मासुर निर्माण करण्याची विद्या दुसऱ्याच्या हातीं पडूं नये म्हणून दिलेला हा बळी आहे. शेवटीं वृद्ध यामाने बजावतात कीं, या चांचण्या चालूंच राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल. हा इशारा होता; धंद्यानें तें आश्वासन मानलें.

कारण पाहणारे ९६ लाख निघाले. दुसरा चित्रपट सहा महिन्यांच्या आंत तयार झाला. १९५६ सालीं अमेरिकेनें पहिल्या चित्रपटांत आपला नट घुसवून आणि बाँबविषयींचे बरेच उल्लेख गाळून तो जगभर दाखविला. १९६२ सालीं गोजिराची किंग काँगशीं कुस्ती लावण्यांत आली. तो सारा विनोदी मामला होता, आणि त्याला एक कोटीहून अधिक प्रेक्षक लाभले. तिकिटांची चढती आणि आशयाची उतरती कळा अशी एकदमच सुरू झाली. १९६४ सालीं राक्षस पृथ्वीचा कैवारी बनला, १९६७ सालीं त्याला मुलगा झाला. भयंकर होता तो आतां मराठी अर्थानें गोजिरा झाला होता. अखेर १९७५ सालीं प्रेक्षक दहा लाखांच्याहि खालीं आले आणि मालिका नऊ वर्षें थांबली.

हा दोष हलक्या हातांचा म्हणावा, तर १९६२ चे आणि १९७५ चे दोन्ही चित्रपट होंडांचेच आहेत. बदलले होते ते पाहणारे. युद्धानंतर जन्मलेली मुलें आतां तिकिटें काढीत होतीं. घरोघर दूरदर्शनसंच आले होते. १९५८ सालीं वर्षाला ११२ कोटींवर गेलेली जपानी चित्रगृहांतील गर्दी १९७५ पर्यंत साडेसतरा कोटींच्या आंत आली होती. ज्याचें भय उरलें नाहीं त्याचें खेळणें होतें. मात्र या उतारावरहि खरें भय जेथें सांपडलें तेथें चित्रपटांत थोडा जीव आला: १९६९ सालीं कामकरी आईबापांच्या एकट्या मुलाचें, १९७१ सालीं कारखान्यांच्या घाणींतून उपजलेल्या राक्षसाचें.

अमेरिकेंत निघालेल्या चित्रपटांची कथा निराळी आहे. १९९८ च्या चित्रपटांत दोष फ्रेंचांच्या चांचण्यांवर ढकलला आहे. २०१४ च्या चित्रपटानें तर, १९५४ चा बिकिनीचा स्फोट ही चांचणी नव्हतीच, तो राक्षसाला मारण्याचा प्रयत्न होता, असें दाखविलें. ज्या स्फोटाची राख खलाशांवर पडली, तोच येथें संरक्षणाचा उपाय ठरला! करमणुकीच्या नांवाखालीं इतिहास कसा उलटा टांगला जातो, याचें याहून ठळक उदाहरण सांपडणें कठीण.

जपानांत मात्र भय परतलें. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमाच्या अणुभट्ट्या वितळल्या. हिदेआकी आन्नो यांच्या २०१६ च्या चित्रपटांत राक्षस किनाऱ्यावर येतो आणि मंत्री एका बैठकींतून दुसऱ्या बैठकींत जातात. अखेर पंपांच्या मोटारींनीं द्रव्य ओतून त्याला गोठवावें लागतें. तो राजधानींत तसाच उभा राहतो. २०२३ सालीं ताकाशी यामाझाकी यांनीं कथा युद्धोत्तर भग्न जपानांत नेली. सेरिझावा मेला होता. येथें आत्मघातकी पथकांतून वांचलेल्या वैमानिकाला जगण्यास शिकावें लागतें. या चित्रपटाला २०२४ सालीं ऑस्कर मिळालें, तेंहि दृश्यकरामतीसाठीं. मालिकेचा हा पहिलाच ऑस्कर.

त्याच वर्षीं अणुबाँबमधून वांचलेल्यांच्या संघटनेस शांततेचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. त्या साक्षीदारांचें सरासरी वय आतां पंचाऐशीच्या पुढें गेलें आहे. थोड्याच वर्षांत आंखों देखी सांगणारा कोणी उरणार नाहीं, आणि ही आठवण ग्रंथांकडे व अशा कथांकडे जाईल. तेव्हां राक्षस भयंकर राहतो कीं गोजिरा होतो, हा प्रश्न केवळ चित्रपटांच्या रसिकांचा उरत नाहीं.