ट्रान्सड्यूसर, मासेशोधक यंत्राचा
मासेमारी नौकेच्या तळाशी बसवलेला, विजेच्या स्पंदांचे ध्वनीत आणि परत आलेल्या प्रतिध्वनीचे पुन्हा विजेत रूपांतर करणारा भाग. केबिनमधला पडदा फक्त त्याने टिपलेले रंगांत उमटवतो. तरीही मासेशोधक घेताना पडद्याचा आकार पाहून पैसे मोजले जातात आणि ट्रान्सड्यूसर सोबत येईल तो पत्करला जातो. हा क्रम उलटा असायला हवा.

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हाँ याने पाणबुड्या हुडकण्यासाठी क्वार्ट्झच्या स्फटिकाचा ट्रान्सड्यूसर तयार केला. मासेमारीसाठी हे तंत्र १९४८ मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी बाजारात आणले. आता स्फटिकाची जागा सिरॅमिकच्या चकतीने घेतली आहे, तत्त्व मात्र तेच आहे. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. तळ ६० मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला सेकंदाचे आठ शतांश लागतात आणि एवढ्या वेळावरून यंत्र खोली काढते. माशाचा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. मुशीला ती नसते, माकुळालाही नसते. म्हणून अंगाने मोठी मुशीसुद्धा पडद्यावर फिकी उमटते. अनुभवी तांडेल हे जाणून असतो.

निवडीचा पहिला प्रश्न वारंवारतेचा. बाजारातल्या बहुतेक यंत्रांत ५० आणि २०० किलोहर्ट्झ या दोन वारंवारता मिळतात. ५० ची लहर खोलवर पोचते, पण तिचा झोत रुंद असतो. २०० ची लहर लवकर विरते, पण झोत अरुंद असल्याने चित्र रेखीव येते. झोत ४५ अंशांचा धरला तर ६० मीटरवर तो जवळपास ५० मीटर रुंदीचा तळ व्यापतो; १५ अंशांचा झोत त्याच खोलीवर जेमतेम १६ मीटर. रुंद झोतात मासा लवकर सापडतो, पण तो नौकेच्या नेमका खाली आहे की बाजूला, हे कळत नाही. शिवाय खडकाळ तळावर रुंद झोताला उंच खडकाचा प्रतिध्वनी आधी मिळतो आणि त्याच्या आडोशाचे मासे तळाच्या रंगातच मिसळून जातात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरते पाहिले तर येथे समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतची उथळ पायरी, फार रुंद आहे. मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, तरी तेथील खोली साधारण ७५ मीटर. दक्षिणेकडे ही पायरी अरुंद होत जाते. ससून डॉक, करंजा किंवा मिरकरवाड्याहून निघणारी यांत्रिक नौका बहुतेक वेळ या उथळ पायरीवरच जाळे टाकते. तिला ६०० वॅटचा, दोन्ही वारंवारतांचा ट्रान्सड्यूसर पुरतो. एक किलोवॅटचा मोठा आणि महाग संच पायरीच्या कडेपलीकडे, दोनशे मीटरच्या पुढे जाणाऱ्यानेच घ्यावा. उथळ पाण्यात त्याच पैशांत चांगली बसवणी करून घेणे कितीतरी फायद्याचे.

दुसरा प्रश्न नौका कशाची आहे, हा. तळ भरीव फायबरचा असेल तर ट्रान्सड्यूसर आतून चिकटवूनही चालतो, थोडी ताकद मात्र वाया जाते. लाकडातून किंवा मधे फोम भरलेल्या फायबरमधून ध्वनी नीट जात नाही. कोकणातल्या लाकडी नौकांना म्हणूनच तळाला आरपार भोक पाडण्यावाचून गत्यंतर नाही. नव्या फळीत भोक पाडायला मालकाचा जीव धजत नाही, ते साहजिक आहे. पण ते टाळून मागच्या फळीवर टांगलेला ट्रान्सड्यूसर पंख्याच्या फेसात बहिरा होतो. लाकडी तळासाठी कवच ब्राँझचे हवे. लाकूड पाण्यात फुगते आणि प्लॅस्टिकच्या कवचाला तडा जाऊ शकतो. याच कारणाने नट सुरुवातीला बेताचाच आवळायचा, फळी फुगायला जागा ठेवायची. ॲल्युमिनियमच्या तळाला ब्राँझ लावू नये, खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजते. पोलादी तळाला स्टेनलेस स्टीलचे कवच वापरतात.

जागा ठरवताना खरा शत्रू हवा. पाण्यातला बुडबुडा ध्वनी जवळजवळ पूर्ण परतवतो आणि चकतीखालून बुडबुड्यांचा पट्टा गेला की पडद्यावर चित्राऐवजी ठिपक्यांचा पाऊस पडतो. सावकाश चालणाऱ्या, पाणी सारत जाणाऱ्या नौकेत पाणरेषेच्या लांबीचा नाळेकडून एक तृतीयांश भाग सोडून, कण्याच्या जवळ जागा घ्यावी. त्याहून पुढे नाळेचा फेस सापडतो, फार मागे पंख्याचा खळखळाट. पाण्याचे नळ, पट्ट्या, खिळ्यांची डोकी यांच्या मागे चकती येऊ देऊ नये. पंखा उजवीकडे फिरणारा असेल तर उजवी बाजू बरी, कारण तिकडे पाती खाली जात असतात.

तळ उताराचा असतो आणि चकतीचे तोंड मात्र सरळ खाली हवे. त्यासाठी उताराच्या कोनात कापलेला ठोकळा बाहेरून, त्याचा जोड आतून बसवतात. हे टाळले आणि चकती १५ अंश कलली, तर ६० मीटरवर झोताचा मध्य १६ मीटर बाजूला पडतो. तांडेल ज्या थव्यावर जाळे टाकतो, तो तेथे नसतोच. केबल कापून जोडू नये आणि इंजिन किंवा अल्टरनेटरच्या तारांबरोबर नेऊ नये, नाहीतर विजेची खरखर मासे म्हणून उमटते. चकतीच्या तोंडावर बार्नेकल धरू नयेत म्हणून पाण्यात मिसळणारा, म्हणजे वॉटरबेस्ड, रंग लावतात. तीव्र द्रावक असलेला रंग प्लॅस्टिक खातो.

हे सगळे काम नौका वर ओढलेली असतानाच होते. राज्यात सामान्यतः १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौका शाकारलेल्या असतात आणि सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन एकाच वेळी हाताशी मिळतात. नौका पाण्यात सोडली की भोकाजवळ लगेच हात फिरवून पाहावे, काही तासांनी पुन्हा पाहावे, आणि पहिल्या रात्री ती नजरेआड ठेवू नये.

समुद्रापासून दूर, परभणी जिल्ह्यातल्या सेलूजवळ निम्न दुधना प्रकल्पाचे पाणी पसरले आहे. तेथे हाच मासेशोधक वापरायचा तर निवडीचे गणित सोपे होते. पाणी उथळ, म्हणून २०० किलोहर्ट्झच पुरे. होडी लहान, म्हणून तळाला भोक पाडण्याऐवजी बाजूला दांडीवर बसवलेला ट्रान्सड्यूसर सोयीचा. तो पाण्याखाली निदान वीतभर आणि उभा राहिला पाहिजे. रोहू आणि कटल्याला हवेची पिशवी असते, त्यामुळे प्रतिध्वनी ठळक येतो. जलाशयातल्या गाळाचे मोजमापही याच तत्त्वावर चालणाऱ्या खोलीमापकाने करता येते, फक्त तेथे चकती पाण्याखाली किती बुडाली आहे ते अंतर प्रत्येक खोलीत मिळवावे लागते. गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सियसला ध्वनी सेकंदाला सुमारे १,४९७ मीटर, तर त्याच तापमानाच्या खाऱ्या पाण्यात सुमारे १,५३५ मीटर जातो. यंत्रात खाऱ्या पाण्याचा वेग तसाच ठेवला तर २० मीटर खोलीत अर्ध्या मीटरची चूक होते.