आणीबाणीचा आदेश आणि त्याची मुदत

सन २०२० ची बाबासाहेबांची जयंती सिंगापूरमधील आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. ७ एप्रिल रोजी येथील शासनाने ‘सर्किट ब्रेकर’ या नावाने कडक निर्बंध लागू केले आणि पुढच्याच आठवड्यात १४ एप्रिल उजाडला. सभागृह नव्हते, सहभोजन नव्हते. आम्ही घरातल्याच टेबलावर प्रतिमेपुढे मेणबत्ती लावली आणि संगणकाच्या पडद्यावर एकमेकांना पाहत त्रिशरण-पंचशील घेतले. ७ मे रोजीची वैशाख पौर्णिमाही तशीच गेली. विहारांची दारे बंद होती, आणि ती त्या दिवसांत बंदच राहावीत असे आम्हांलाही वाटत होते.

निर्बंध पाळताना मनात तीन प्रश्न मात्र राहिले. हा आदेश कोणाचा? तो कोणाला विचारून निघाला? आणि तो संपणार केव्हा? पहिल्या दोन प्रश्नांवर सर्वत्र पुष्कळ चर्चा होते. तिसऱ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. संकटकाळातील आदेशांचा इतिहास चाळताना आमचे असे मत झाले की, आदेश निघण्यापेक्षा तो मागे राहून जाणे हेच अधिक गंभीर असते. त्या मताची मांडणी येथे करीत आहोत.

प्रथम आपण राहतो त्या देशाकडे पाहू. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतः कार्यकारी आदेश काढतो. सिंगापूरचा राष्ट्राध्यक्ष तसे करीत नाही. येथे राज्यकारभार मंत्रिमंडळ चालवते. २०२० चे निर्बंधदेखील संसदेने ७ एप्रिल रोजी एकाच दिवसात संमत केलेल्या तात्पुरत्या उपाययोजनांच्या कायद्याखाली, मंत्र्यांच्या अधिकारात निघाले. त्या कायद्याला आरंभी एक वर्षाची मुदत घातलेली होती. पुढे ती संसदेनेच वाढवली. राष्ट्राध्यक्षांची सही निर्णायक ठरली ती दुसऱ्याच ठिकाणी, म्हणजे तिजोरीपाशी.

सिंगापूरमध्ये पूर्वीच्या सरकारांच्या काळात साठलेली राखीव गंगाजळी विद्यमान सरकारला स्वतःच्या इच्छेने खर्च करता येत नाही. एखादे उधळे सरकार आले तर पिढ्यांची शिल्लक एका मुदतीत संपवील, ही भीती ली क्वान यू यांनी १९८४ मध्ये जाहीरपणे बोलून दाखवली होती. त्यातून १९९१ ची घटनादुरुस्ती आली आणि राष्ट्राध्यक्षपद लोकांनी थेट निवडून द्यावयाचे झाले. १९९३ मध्ये ओंग टेंग चिओंग हे असे निवडून आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष. तिजोरीला दोन किल्ल्या आहेत, असे या व्यवस्थेचे वर्णन येथे केले जाते: एक सरकारकडे, दुसरी राष्ट्राध्यक्षांकडे. ही दुसरी किल्ली संकटासाठी प्रथम फिरली ती २००९ च्या जागतिक मंदीत. राष्ट्राध्यक्ष एस. आर. नाथन यांनी ४.९ अब्ज सिंगापूर डॉलरना संमती दिली. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष हलिमा याकोब यांनी ५२ अब्जांपर्यंतच्या रकमेला मान्यता दिली.

या पैशाने नोकऱ्या वाचल्या, हे आपण आपल्या आजूबाजूला पाहिले आहे. वेतनाचा काही भाग शासनाने मालकांना दिला. परंतु ही मदत नागरिक व कायम रहिवासी यांच्या वेतनापुरती होती. रोजगार परवान्यावर राहणाऱ्यांचे वेतन तिच्या कक्षेत नव्हते. एकाच कार्यालयात शेजारी बसणाऱ्या दोन मराठी माणसांच्या मधून ही रेषा गेली. संकटकाळी मदत देणारा आदेशसुद्धा आधी माणसांची वर्गवारी करतो, आणि आपण कोणत्या वर्गात पडलो हे पुष्कळदा आदेश निघाल्यावरच कळते.

दुसरी रेषा अधिक ठळक होती. ५ एप्रिल २०२० रोजी परदेशी कामगारांची दोन मोठी वसतिगृहे विलगीकरण क्षेत्रे म्हणून घोषित झाली आणि सुमारे २०,००० कामगार आत राहिले. पुढे इतर वसतिगृहेही बंद झाली. त्यांत तमिळ, बंगाली, तेलुगू बोलणारे आपले शेजारी होते. दाटीच्या खोल्यांत साथ वेगाने पसरत होती, त्यामुळे त्या वेळी हा उपाय अनाठायी नव्हता. शहरासाठीचा सर्किट ब्रेकर १ जूनला संपला. वसतिगृहातील कामगारांना मात्र बाहेर पडण्यासाठी परवाना घेण्याची अट जून २०२२ पर्यंत होती. साथ दोघांसाठी एकच होती, निर्बंधाचा कालावधी वेगळा होता. बंधन ज्यांच्यावर असते त्यांचा आवाज जितका क्षीण, तितकी बंधनाची मुदत लांबते. हे आम्ही दोष देण्यासाठी लिहीत नाही. या देशाने आपल्याला घर दिले आहे. परंतु आपल्या घराण्यांचा इतिहास पाहता ही गोष्ट आपल्या नजरेतून निसटता कामा नये.

याच भूमीचा जुना इतिहासही हेच सांगतो. जून १९४८ मध्ये कम्युनिस्ट उठावाच्या पार्श्वभूमीवर ब्रिटिशांनी मलाया आणि सिंगापूर येथे आणीबाणी पुकारली. खटल्याविना स्थानबद्धतेचे अधिकार त्यातून आले. डेव्हिड मार्शल हे त्या नियमांचे कडवे टीकाकार. पण १९५५ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर त्यांच्याच सरकारला ते नियम काढताना त्यांच्या जागी सार्वजनिक सुरक्षिततेचा नवा कायदा आणावा लागला. मलायातील आणीबाणी १९६० मध्ये संपली, पण त्याच वर्षी तेथे अंतर्गत सुरक्षा कायदा झाला आणि १९६३ च्या विलीनीकरणाबरोबर तो सिंगापूरला लागू झाला. आजही तो आहे. त्याखालील आदेश एका वेळी दोन वर्षांचा असतो, पण तो कितीदा वाढवावा याला मर्यादा नाही. माजी खासदार चिया थाय पोह यांना १९६६ मध्ये स्थानबद्ध करण्यात आले. १९८९ मध्ये त्यांना सेंटोसा बेटावर राहण्याची मुभा मिळाली आणि उरलेली बंधने १९९८ मध्ये उठली. दोन वर्षांची मुदत वाढत वाढत बत्तीस वर्षांची झाली. १९९१ च्या दुरुस्तीने येथेही दुसरी किल्ली बसवली. सल्लागार मंडळाने सुटकेची शिफारस केली, तर राष्ट्राध्यक्षांच्या सहमतीवाचून सरकारला त्या व्यक्तीस अडकवून ठेवता येत नाही.

आता मायदेशाकडे वळू. संकटसमयी कार्यपालिकेला किती मोकळीक द्यावी, हा प्रश्न भारताच्या संविधान सभेत बाबासाहेबांसमोर होता. २३ मे १९४९ रोजी राष्ट्रपतींच्या वटहुकुमाच्या अधिकारावर चर्चा झाली, तेव्हा हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्या सदस्यांनी त्याच्या मुदतीबद्दल शंका घेतली. संसदेचे अधिवेशन चालू नसताना अकस्मात प्रसंग उद्भवला आणि प्रचलित कायदा अपुरा पडला, तर शासनाने काय करावे, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. त्यांनी इंग्लंडच्या १९२० च्या आणीबाणी अधिकार कायद्याचा दाखलाही दिला. तथापि हा अधिकार बेमुदत ठेवलेला नाही. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत वटहुकूम आपोआप संपतो. तो टिकवायचा असेल तर संसदेपुढे जावे लागते. आणीबाणीच्या तरतुदींवर ऑगस्टमध्ये चर्चा झाली, तेव्हा ह. वि. कामत यांनी जर्मनीच्या वायमार घटनेचे उदाहरण देऊन सभागृहाला सावध केले. तेथे राष्ट्राध्यक्षांच्या संकटकालीन अधिकारांतूनच हुकूमशाहीची वाट मोकळी झाली होती.

कामतांची भीती खोटी नव्हती. चीनच्या आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी राष्ट्रपतींनी आणीबाणी घोषित केली. युद्ध महिनाभरात थांबले. आणीबाणी उठली ती जानेवारी १९६८ मध्ये. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या युद्धाच्या वेळी दुसरी घोषणा झाली. युद्ध चौदा दिवसांत संपले; घोषणा मात्र १९७७ पर्यंत होती. म्हणजे २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली, तेव्हा देशात आणीबाणी आधीपासूनच चालू होती! मंत्रिमंडळाला या नव्या घोषणेची वार्ता दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. २७ जूनला राष्ट्रपतींचा आणखी एक आदेश निघाला आणि समता, जीवित व स्वातंत्र्य यांच्या रक्षणासाठी न्यायालयात जाण्याचा मार्गच बंद झाला. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी तरीही स्थानबद्धांची दाद ऐकली. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने त्यांना चूक ठरवले. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आवश्यक केला, आणीबाणी चालू ठेवण्यासाठी दर सहा महिन्यांनी संसदेची मंजुरी लागेल असे ठरवले, आणि जीविताचा हक्क अशा आदेशाच्या आवाक्याबाहेर नेला.

वटहुकुमाच्या बाबतीत हीच गोष्ट एका अभ्यासकाने उजेडात आणली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा बिहारच्या जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करीत होते. त्यांच्या लक्षात आले की, तेथे १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते; काही तर चौदा वर्षे. आठवड्यांची गोष्ट वर्षांवर गेली होती. वाधवांनी पुस्तक लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयात दादही मागितली. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने या प्रथेला संविधानाची फसवणूक ठरवले. शासनाच्या राजपत्रांची पाने संयमाने उलटणारा एक माणूस काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

अमेरिकेतील एक प्रसंग बौद्ध वाचकांना विशेष जवळचा वाटेल. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा कार्यकारी आदेश काढला. त्यात जपानी वंशाचा नामोल्लेखही नव्हता. सेनाधिकाऱ्यांना कोणत्याही प्रदेशातून कोणालाही हटवण्याचा अधिकार तेवढा दिलेला होता. त्या बळावर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत ठेवले गेले. त्यांतील बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. त्यांच्यातील बौद्धांनी युटा राज्यातील टोपाझ छावणीत १९४४ मध्ये आपल्या संघटनेचे नाव बदलून ‘बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका’ असे ठेवले; आपण या देशाचेच आहोत हे धर्मसंस्थेच्या नावातूनही दाखवण्याची गरज त्यांना भासली. युद्ध १९४५ मध्ये संपले. तो आदेश संपुष्टात आल्याची विधिवत घोषणा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी केली, तो दिवस होता १९ फेब्रुवारी १९७६. बरोबर चौतीस वर्षांनी.

चौतीस हा आकडा वाचताना आम्ही थबकलो, कारण आपल्याही घरांत एक राष्ट्रपतींचा आदेश जवळजवळ तितकीच वर्षे मुक्कामाला होता. १० ऑगस्ट १९५० चा अनुसूचित जातींविषयीचा आदेश संकटाचा नव्हता, नव्या प्रजासत्ताकाच्या मांडणीचा होता. पण त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात, पंजाबमधील काही शीख जातींचा अपवाद सोडता, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा मानले जाणार नाही, असे लिहिले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्यावर तो परिच्छेद येऊन आदळला. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख लोकांनी बौद्ध अशी नोंद केली. राज्याने त्यांना सवलती दिल्या. केंद्राची दारे बंद राहिली. कित्येक घरांत मनाने बौद्ध आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार, अशी दुहेरी नोंद चालली. असा आदेश एकदा निघाला की त्यात बदल केवळ संसदच करू शकते. आणि संसदेला तो करण्यास १९९० साल उजाडले. या चौतीस वर्षांत एक पिढी शिकली, नोकरीला लागली आणि काहींच्या बाबतीत निवृत्तही झाली.

म्हणून आदेश मुळीच नसावेत, असे आमचे म्हणणे नाही. साथ, युद्ध, मंदी यांत तातडीने निर्णय घ्यावेच लागतात, हे बाबासाहेबांनीही मान्य केले होते. एप्रिल २०२० मध्ये घरात बसून आपण सर्वांनी तेच मान्य केले. परंतु निर्णय तातडीचा असेल, तर त्याचा शेवटही त्याच कागदावर लिहिलेला असावा. आणि तो वाढवायचा झाल्यास मागणाऱ्याने पुन्हा सर्वांसमोर उभे राहून कारण सांगावे. दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे पाहावे. आपली मुदत संपल्यावर शेजाऱ्याची संपली का, हेही पाहावे.

पुढचे संकट येईल तेव्हा आपल्यापैकी कोणी येथे असेल, कोणी पुण्यात किंवा नागपुरात, कोणी आणखी तिसऱ्या देशात. मोबाइलवर नवा आदेश येईल आणि आपण पहिल्या ओळीत काय बंद, काय चालू एवढेच शोधू. त्या वेळी शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचावे, एवढीच आमची विनंती आहे.